ढालीच्या मागची बाजू

१

सकाळी साडेसातला मी कामाची खोली उघडतो. आधी खिडकी, मग भुसा झाडायचा, मग पटाश्यांना धार. शाळा मी सोळाव्या वर्षी सोडली. वर्गात उभं राहून बोलायची वेळ आली की माझा घसा आवळायचा, आणि लाकूड काही विचारत नाही. गेली सहा वर्षं मी पाट्या करतो. कबरींवरचे कोरीव खांब, मधाच्या पेट्यांवरचे आकडे, खानावळीचा फलक. फलकावर गावाचं नाव दोनदा येतं, कारण आमच्या गावाला दोन नावं आहेत. आमचं हंगेरियन नाव कोर्तेश, सरकारी स्लोवाक नाव ह्रुशोवा. दोन्हींचा अर्थ एकच, नासपतीचं गाव. नासपतीचं झाड मात्र आता एकही उरलेलं नाही.

ही खोली मुळात आमची नाही. शेजारच्या तोर्मांच्या घराची ती रस्त्याकडची खोली. दोन घरांमधली भिंत फोडून माझ्या पणजोबांनी दार काढलं, तेव्हापासून ती आमच्यात मोडते. युद्ध संपल्यावर सरकारने ठरवलं की इकडचे काही हंगेरियन सीमेपलीकडे पाठवायचे आणि तिकडचे स्लोवाक इकडे आणायचे. सत्तेचाळीसच्या मे महिन्यात गावातल्या एकवीस घरांना गाव सोडायचा पांढरा कागद आला. तोर्मा त्यांतले. आमच्याकडे अजूनही ‘तोर्मा गेले’ असं म्हणतात, जसे काही जत्रेला गेले.

यंदा गावाच्या पहिल्या लेखी उल्लेखाला साडेसातशे वर्षं झाली. सरपंच लुद्मिलाबाईंनी मला पंचायतीच्या दारावर लावायला लाकडी गावचिन्ह करायला सांगितलं. ऑगस्टमधल्या गावदिनाला अनावरण ठरलं. गेलेल्या घरांतली माणसं, म्हणजे त्यांतली जी उरली आहेत ती, बस करून येणार होती.

चिन्ह सोपं आहे. हिरवी ढाल, तिच्यात नांगराचा फाळ, फाळाच्या पुढे माती चिरणारी नांगराची सुरी, आणि दोघांच्या मधे गव्हाच्या तीन ओंब्या. जिल्ह्याच्या दप्तरखान्यात एका जुन्या कागदावर गावाचा मेणाचा ठसा आहे, त्यावरून राजधानीतल्या समितीने ते ठरवलं. मला मिळालेली त्याची झेरॉक्स म्हणजे ढालीच्या आकाराचा काळा डाग होता. रंगीत प्रत बघायला पंचायतीत जायला हवं होतं. तिथे तीन बायका बसतात आणि तिघी एकदम वर बघतात. मी गेलो नाही.

तो काळा डाग बाबांनी पाहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या बाकावर तंबाखूचा एक जुना डबा ठेवला. आत फडक्यात गुंडाळलेला तांब्याचा शिक्का होता, अक्रोडाएवढा. त्यात फाळ, सुरी आणि ओंब्या खोल कोरलेल्या होत्या.

“याच्यावरून कर,” बाबा म्हणाले. “कशावर उमटवायचा नाही. कुणाला दाखवायचा नाही. काम झालं की परत डब्यात.”

कुठून आला, हे मी विचारलं नाही. न विचारणं ही आमच्या घरची शिस्त आहे.

२

भिंगातून बघत मी तीन आठवडे कोरत होतो. लिंडनची फळी, अडीच फूट उंच, नवीकोरी, मीच चिरून आणलेली. शिक्क्याच्या कडेची अक्षरं झिजून गेली होती. एक ओ, एक टी आणि एक आय तेवढे राहिले होते. ती मी सोडून दिली. फाळाची वळणं मात्र इतकी नेमकी होती की ज्याने तो शिक्का कोरला त्याचा मला हेवा वाटला.

कोरून झालं त्या दिवशी भर दुपारी मी ढाल समोरच्या भिंतीवर दोन खिळ्यांवर अडकवली. लांबून कशी दिसते ते बघितलं आणि जेवायला गेलो. खसखस पेरलेल्या शेवया होत्या. अर्ध्या तासाने परत आलो तर ढाल भिंतीकडे तोंड करून टांगलेली होती.

मला वाटलं, बाबांनी उलटली. पण बाबा माझ्यासमोर बसून जेवले होते. मग वाटलं, मीच तशी अडकवली असेन. दमलेला माणूस काहीही करतो. मी ती सरळ केली.

दुसऱ्या दिवशी जेवून आलो, तर पुन्हा पाठमोरी.

या वेळी मी ती खाली काढून बाकावर ठेवली, आणि तेव्हा मला पाठीवरची ती जागा दिसली. पाठीला मी रंधाही नीट मारला नव्हता. कोण बघणार आहे? पण मधोमध लाकूड गुळगुळीत झालं होतं, फावड्याच्या दांड्यासारखं, वर्षानुवर्षं हात लागल्यासारखं. बोट फिरवलं तर थोडं तेलकट लागलं. खिडकीशी तिरकं धरल्यावर आकार कळला. एक उघडा पंजा होता. डाव्या हाताचा. आणि त्याची करंगळी एका पेराने आखूड होती.

माझी करंगळी आखूड आहे. कामाच्या चौथ्या वर्षी करवतीत गेली. पण ती उजव्या हाताची. मी माझे दोन्ही हात शेजारी ठेवून पाहिले आणि मला चक्क हायसं वाटलं. हा हात माझा नव्हता.

कुणाचा होता, हा विचार मी त्या दिवशी केला नाही. पॉलिश पेपर घेऊन पाठ घासून काढली.

३

सोमवारी मी जेवायला गेलोच नाही. पाव, डुकराच्या चरबीचा तुकडा आणि कांदा घेऊन खोलीतच बसलो. ढाल समोर टांगलेली, सरळ. ऊन बाकापर्यंत आलेलं. एक माशी. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, मग दवाखान्याची गाडी, मग काही नाही.

निम्मा पाव खाऊन झाला असेल, तेव्हा आवाज आला. लाकडावर तळहात घासल्यासारखा. सावकाश, वरून खाली. थांबला. पुन्हा वरून खाली. तो ढालीच्या मागून येत होता, आणि ढालीच्या मागे भिंत होती.

मी चावायचा थांबलो.

मग दुसरा आवाज आला. कुणीतरी बोलायचा प्रयत्न करत होतं. शब्द नव्हते. घसा आवळलेल्या माणसाचा आवाज जसा निघतो, अर्धा आत, अर्धा बाहेर, तसा तो होता. मला तो आवाज चांगला माहीत आहे. म्हणूनच मला त्याची भीती वाटण्याआधी लाज वाटली.

खुर्ची मागे सारून मी उठलो. बाहेर गेलो आणि घराला वळसा घालून त्या भिंतीच्या दुसऱ्या बाजूला आलो. तिथे परसदार आहे आणि अक्रोडाचं झाड. कुणीही नव्हतं. भिंतीचा चुना उन्हाने तापला होता. मी कान लावला. मधमाश्या असतील, असं स्वतःला सांगितलं. जुन्या भिंतीत पोळं धरतात. पाणी असेल. उंदीर असेल. झाडाखाली थोडा वेळ उभा राहिलो. मग आत आलो आणि उरलेला पाव संपवला.

ढाल पाठमोरी होती.

४

बुधवारी लुद्मिलाबाई काम बघायला आल्या. त्या मोठ्याने बोलतात, हंगेरियनमध्ये सुरुवात करून स्लोवाकमध्ये संपवतात. दारातूनच म्हणाल्या, “काय रे चोंगोर, रंगीत प्रत न्यायला आला नाहीस. बायकांना एवढा घाबरतोस, लग्न काय पोस्टाने करणार?”

मग त्यांनी ढाल पाहिली. पिशवीतून समितीची रंगीत प्रत काढून शेजारी धरली. माझी फाळाची वळणं त्या छापील चित्रापेक्षा शंभरपट चांगली होती. पण छापील चित्रात फाळ आमच्या डाव्या हाताला होता आणि सुरी उजव्या हाताला. माझ्या ढालीत फाळ उजवीकडे होता.

मी म्हणालो, झेरॉक्सखालच्या वर्णनात तर लिहिलं आहे, फाळ उजवीकडे.

“अरे, त्यांच्या शास्त्रात उजवं म्हणजे बघणाऱ्याचं उजवं नव्हे,” बाई म्हणाल्या. “ढाल धरून मागे जो उभा असतो, त्याचं उजवं. आपल्याला ते डावीकडे दिसतं. तू ही ढाल मागून बघितल्यासारखी कोरलीयस.”

कशावरून कोरली, असं त्यांनी विचारलं. झेरॉक्सवरून, मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग हात झटकले.

रविवारी हीच लावायची, त्यांनी ठरवून टाकलं. नवी करायला वेळ नव्हता. आमच्यातले वर बघत नाहीत आणि तुमच्यातले बघतात ते गुलाशच्या कढईत, म्हणाल्या. ख्रिसमसपर्यंत सुलट करून दे. जाताना त्या भिंतीपाशी थांबल्या. त्यांची आजी सत्तेचाळीसला सीमेपलीकडून आली होती. तिला सांगितलं होतं की रिकामं घर मिळेल. घर मिळालं, पण चुलीवरचं सूप अजून कोमट होतं. आजीने ते ओतून दिलं नाही. मुलं उपाशी होती, तिने ते वाढलं. आणि मग मरेपर्यंत तिने सूप केलं नाही.

“तुमच्याकडची माणसं त्या दिवसांबद्दल कधी काही बोलतात का रे?” त्यांनी विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली.

त्या गेल्यावर मी शिक्का काढून हातात धरला. शिक्क्यात सगळं उलटं असतं, हे गावातल्या कुणाही पोराला कळलं असतं, जर त्याने तो एकदा मेणात दाबला असता. मला दाबायची मनाई होती. ओ, टी आणि आय ही अक्षरं तर दोन्हीकडून सारखीच दिसतात.

५

बाबा परसात बसून घेवडा सोलत होते. मी शिक्का त्यांच्यासमोर टोपलीत ठेवला. त्यांना वाटलं मी परत द्यायला आलो. मी तसाच उभा राहिलो. तेव्हा त्यांनी सांगितलं. मान वर न करता, शेंगा सोलत सोलत.

माझे पणजोबा इग्नात्स लेल्केश गावचे दवंडीवाले होते. ढोल वाजवून सरकारी हुकूम वाचायचे, घरोघर कागद पोचवायचे. गावचा शिक्काही त्यांच्याच ताब्यात असायचा. जुनी रीत अशी होती की गावच्या कागदावर खाडाखोड झाली तर तिच्या शेजारी शिक्का उमटवायचा, म्हणजे खाडाखोड खरी धरली जायची. मे महिन्यात जिल्ह्यावरून एकवीस पांढरे कागद आले, वाटायला, त्यांच्याच हातात. त्यांतल्या एकावर लेल्केश लिहिलं होतं.

पणजोबांनी वस्तऱ्याने नाव खरवडलं. वर लिहिलं तोर्मा. शेजारी शिक्का मारला. मग ढोल गळ्यात घालून गावाच्या चारी कोपऱ्यांवर एकवीस नावं वाचली, स्पष्ट आवाजात. पुढल्या वर्षी ही खोली आमच्यात आली. शिक्का त्यानंतर कुणालाच सापडला नाही.

“माझे बाबा तेव्हा दीड वर्षाचे होते,” बाबा म्हणाले. “गोवराने फणफणलेले. मालगाडीत टिकले नसते.”

तोर्मांकडेही कुणी लहान होतं का, मी विचारलं. आमच्या घरात विचारलेला तो माझा पहिला प्रश्न असेल.

“होता एक. सात वर्षांचा.” त्यांनी एक शेंग सोलली. “रविवारच्या बसने येतोय तो.”

मी म्हणालो, मग त्याला सांगू या.

“सांगून काय होणार? तो सहाच्या बसने परत जाणार. आपल्याला इथेच राहायचंय.” मग साली बाजूला सारत, “तुला कुठे बोलता येतं?”

त्यांनी ते वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. त्यामुळेच ते लागलं.

६

एदे तोर्मा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. बारीक, इस्त्रीचा शर्ट, बोटांची टोकं कायमची काळसर. चाळीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात शिशाची अक्षरं जुळवली होती. अनावरणाच्या आधी लुद्मिलाबाई त्यांना खोली दाखवायला घेऊन आल्या. बाबांनी आलुबुखाराची दारू ओतली. ढाल कापडात गुंडाळून बाकावर ठेवलेली होती. शिक्का माझ्या खिशात होता. तो मी का घेतला होता हे मला तेव्हा ठाऊक होतं. मी त्यांना देणार होतो.

“इथे कपाट होतं,” ते म्हणाले. “वर आई नासपती ठेवायची, पिकायला. खोलीभर वास.” मग त्यांनी आतल्या खिशातून प्लास्टिकमध्ये ठेवलेला एक कागद काढला. पांढरा राहिला नव्हता तो, चहाच्या रंगाचा झाला होता. तोर्मा या नावाखाली कागद खरवडून पातळ झालेला. शेजारी काळ्या शाईत फाळ, सुरी, तीन ओंब्या.

बसमधल्या सगळ्यांचे कागद त्यांनी मागून घेऊन पाहिले होते. एकावरही हा शिक्का नव्हता. फक्त त्यांच्या. त्यांचे वडील मरेपर्यंत म्हणत राहिले की मी काही केलेलं नाही. पण खास शिक्का म्हणजे खास काहीतरी गुन्हा असणार, असं आईच्या मनाने घेतलं. पंचेचाळीस वर्षं दोघं एका टेबलावर जेवली, आणि ती नवऱ्याशी बोलायची ते पाहुण्याशी बोलल्यासारखी.

“मला घर नको, खोली नको,” एदे आजोबा म्हणाले. “ही खूण आमच्याच कागदावर का, एवढं कुणी सांगितलं तर बरं. दर रविवारी दोघांच्या कबरीवर जातो मी. एकदा तिला सांगेन म्हणतो, की तो खरं बोलत होता.”

बाबा म्हणाले, तेव्हा कुणी कसलेही शिक्के मारायचं. आणि त्यांचा पेला पुन्हा भरला.

माझा हात खिशात होता. घसा आवळला. बाहेर वाजंत्री सुरू झाली, आणि लुद्मिलाबाई म्हणाल्या, चला, पाद्री खोळंबलेत.

७

पंचायतीसमोर दोनशे माणसं असतील. अग्निशमन दलाची धुतलेली गाडी, बायकांचा गाणारा ताफा, कढईखाली जाळ. भाषणं दोन भाषांत झाली, म्हणजे दुप्पट. मग एदे आजोबांनी दोरी ओढली आणि कापड खाली आलं.

टाळ्या वाजल्या. लुद्मिलाबाईंचं खरं होतं, कुणाच्याही काही लक्षात आलं नाही. फक्त एदे आजोबा दोरी हातात धरून उभे राहिले. मान डावीकडे कलली, मग उजवीकडे. मग ते हळूच हसले. मला वाटतं, जन्मभराची सवय म्हणून हसले. चाळीस वर्षं ते उलटी अक्षरं वाचत आले होते.

ते सरळ माझ्याकडे चालत आले. कागद काढून ढालीकडे धरला.

“ही ठशावरून नाही केलेली,” ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण आजूबाजूचे गप्प झाले. “ठशात फाळ इकडे असतो, बघ. तू शिक्का बघून कोरलंस, पोरा. म्हणजे शिक्का आहे. कुणाकडे आहे?”

लुद्मिलाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना बुधवारीच कळलं होतं, हे मला तेव्हा समजलं. बाबा कढईपाशी पळी धरून उभे होते. एदे आजोबांच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर सोपं झालं असतं. त्यांनी हात पुढे केला होता, काळसर टोकांची बोटं, तळवा वर.

“माहीत नाही,” मी म्हणालो. “झेरॉक्सच तशी होती.”

घसा आवळला नाही. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत माझा आवाज स्वच्छ निघाला, दवंडी दिल्यासारखा. मागे उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेला असेल.

एदे आजोबांनी कागदाची घडी घातली. प्लास्टिकमध्ये घातली. प्लास्टिक खिशात घातलं. “बरं,” ते म्हणाले. “काम चांगलं करतोस. हात चांगला आहे तुझा.”

बस सहाला गेली. ऊन अजून होतं. ते खिडकीशी बसले होते, माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. अडकलेला घास एकदाचा गिळल्यासारखं त्यांचं तोंड दिसत होतं.

घरी येऊन मी नळाखाली हात धुतले. साबण बोटांवरून फिरवताना काहीतरी चुकलं. मी पाणी बंद केलं आणि हात पाहिले. उजव्या हाताला पाच बोटं होती, पूर्ण. आखूड करंगळी डाव्या हाताला होती.

८

सकाळी साडेसातला मी कामाची खोली उघडतो. दाराची कडी आता दुसऱ्या अंगाला आहे, अजून एखाद्या वेळी हात चुकतो. आधी खिडकी. बाहेर रस्ता आहे, पण ट्रॅक्टर उलट बाजूने जातो आणि पाटीवरची गावाची दोन्ही नावं मला वाचता येत नाहीत. बाबांची हाक येते ती भिंतीपलीकडून. आधी मी ओ देत असे.

ढाल सोमवारी परत आली, दुरुस्तीला. ती समोरच्या भिंतीवर आहे. मला तिची पाठ दिसते. कितीही वेळा उलटली तरी मला पाठच दिसते. लुद्मिलाबाई म्हणाल्या होत्या, मी ती मागून बघितल्यासारखी कोरली आहे. इथून फाळ बरोबर आहे.

दुपारी पलीकडे पाव कापल्याचा आवाज येतो. कांदा. कुणीतरी एकटंच जेवत असतं. तेव्हा मी ढालीपाशी जातो आणि मधोमध तळहात ठेवतो, डावा. तो तिथे नीट बसतो, करंगळीसुद्धा. लाकूड आता खूपच गुळगुळीत झालं आहे.

मी म्हणतो, तुमचं नाव नव्हतं. आमचं होतं. तुमचे वडील खरं बोलत होते.

म्हणजे, म्हणायला जातो. घसा आवळतो. अर्धं आत राहतं, अर्धं बाहेर येतं, शब्द होत नाहीत. मी तळहात वरून खाली घासतो, निदान तेवढं तरी ऐकू जावं.

पलीकडचं चावणं थांबतं. खुर्ची सरकते. पावलं दाराकडे जातात, घराला वळसा घालतात, अक्रोडाखाली येऊन उभी राहतात. मधे एक भिंत असते. तो कान लावतो, मला त्याचा श्वास ऐकू येतो. मी पुन्हा म्हणायला जातो.

तो मधमाश्या असतील म्हणतो. मग आत जाऊन उरलेला पाव संपवतो.